प्रवासखर्चाचे बिल आणि हवामानाचा करार
(कांचघर, जबलपूर येथील मराठी वाचकांसमोर दिलेल्या भाषणाची संहिता)



हवामानबदलावरील एका अनुवादित पुस्तकाच्या निमित्ताने आपण मला कांचघरात बोलावले, याचे मला थोडे नवल वाटले आणि आनंदही झाला. नवल अशासाठी की, या अनुवादात ज्या शब्दाने मला सर्वांत अधिक छळले तो शब्द आपल्या वस्तीच्या नावात आधीच बसलेला आहे. इंग्रजीतील ‘ग्रीनहाऊस’साठी मराठी शास्त्रीय परिभाषेत ‘हरितगृह’ हा शब्द रूढ झाला आहे. पण हरितगृह म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे हिरवा रंग येतो, काच येत नाही; आणि मूळ कल्पनेत महत्त्व काचेला आहे. ऊन आत येते, ऊब बाहेर जात नाही. हस्तलिखिताच्या एका मसुद्यात मी ‘काचघर-परिणाम’ असे लिहिलेही होते. संपादकांनी ते बदलून रूढ शब्द घातला, आणि ते योग्यच होते. कारण शाळेच्या पाठ्यपुस्तकात एक शब्द आणि ग्रंथालयातील पुस्तकात दुसरा, अशाने वाचकाची सोय होत नाही. शिवाय शास्त्रज्ञ सांगतात की, खऱ्या काचघरातील ऊब टिकते ती मुख्यतः आतली तापलेली हवा वर निघून जाऊ शकत नाही म्हणून. वातावरणातील वायू उष्णता अडवतात ती रीत वेगळी आहे. तेव्हा माझा शब्दही तितकासा निर्दोष नव्हता.

परंतु आजचा माझा विषय परिभाषेचा नाही. या पुस्तकाची काही प्रकरणे मागे येथेच वाचली गेली, त्या वेळी श्रोत्यांपैकी एका गृहस्थांनी, जे रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झालेले आहेत, एक प्रश्न विचारला होता. ते म्हणाले, “हे हवामानवाले अधिकारी आणि मंत्री दरवर्षी एका देशातून दुसऱ्या देशात विमानाने जातात, तेथे बसून आम्हांला सांगतात की धूर कमी करा. तिकिटाचे पैसे कोणाचे? आणि त्या विमानाचा धूर कोणाच्या खात्यावर?” सभागृहात हशा पिकला. मी काहीतरी गोलमाल उत्तर दिले आणि पुढचे पान वाचू लागलो. ते उत्तर मला स्वतःलाच पटलेले नव्हते. आज त्या प्रश्नाचे ऋण फेडावे, असा विचार आहे.

प्रथम धुराचा हिशेब पाहू. जगात माणसाच्या व्यवहारांमुळे जो कार्बन डायऑक्साइड वातावरणात जातो, त्यात विमानवाहतुकीचा वाटा सुमारे अडीच टक्के धरला जातो. विमानाच्या मागे आकाशात जे पांढरे पट्टे उमटतात ते, आणि इंजिनातून निघणारे इतर वायू, यांचा परिणाम मिळवला तर तापमानवाढीतील वाटा साडेतीन टक्क्यांच्या आसपास जातो. आकडा लहान वाटतो. तो लहान वाटतो याचे कारण मात्र लक्षात ठेवण्यासारखे आहे: जगातील बहुतेक माणसे विमानात बसतच नाहीत. २०१८ या वर्षाविषयीच्या एका अभ्यासाप्रमाणे त्या साली जगातील सुमारे ११ टक्के लोकांनीच विमानप्रवास केला, आणि प्रवासी विमानांच्या निम्म्या उत्सर्जनास केवळ एक टक्का लोक कारणीभूत होते. दिल्लीहून लंडनला जाऊन परत येणाऱ्या साध्या श्रेणीतील एका प्रवाशाच्या वाट्याला एक टनाहून अधिक कार्बन डायऑक्साइड येतो. भारतात दरडोई वार्षिक उत्सर्जन आहे सुमारे दोन टन. म्हणजे एका भारतीयाच्या वर्षभराच्या चुलीचा, दिव्याचा, बसचा आणि कारखान्याचा मिळून जो वाटा, त्याच्या निम्म्याहून अधिक एका आठवड्याच्या दौऱ्यात खर्च होतो.

हे झाले साध्या श्रेणीचे. वरच्या श्रेणीची गोष्ट निराळी आहे आणि ती सहसा कोणी सांगत नाही. विमानात जागा मोजकी असते. ज्या जागेत तीन माणसे बसली असती त्या जागेत एक माणूस पाय पसरून झोपणार असेल, तर इंधनाचा तेवढा वाटा त्याच्याच नावे लिहिला पाहिजे. जागतिक बँकेने २०१३ साली आपल्याच कर्मचाऱ्यांच्या प्रवासासंबंधी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बिझिनेस श्रेणीच्या प्रवाशाचा भार इकॉनॉमी श्रेणीच्या सुमारे तिप्पट आणि पहिल्या श्रेणीचा काही विमानांत नऊपटीपर्यंत असल्याचे दाखवले होते. आपल्या केंद्र सरकारच्या २०१७ च्या प्रवासनियमांप्रमाणे वेतनाच्या चौदाव्या स्तरापासून वरच्या, म्हणजे सहसचिव व त्यावरील अधिकाऱ्यांना, बिझिनेस श्रेणीचा अधिकार आहे. त्या अधिकाऱ्याने काही गैर केले असे मी म्हणत नाही. नियम त्याला ती जागा देतो. पण नियम बनवताना भाड्याचा विचार झालेला असतो, पदाच्या मानाचा विचार झालेला असतो. धुराचा विचार त्यात कोठेही दिसत नाही.

आणि आपल्या मित्राच्या प्रश्नाचा दुसरा भाग, हा धूर कोणाच्या खात्यावर? याचे उत्तर ऐकून आपल्याला आश्चर्य वाटेल. देशांतर्गत उड्डाणाचा धूर त्या त्या देशाच्या खात्यावर असतो. आंतरराष्ट्रीय उड्डाणाचा धूर सहसा कोणत्याच देशाच्या उद्दिष्टात धरला जात नाही. १९९७ च्या क्योटो करारात हा विषय बाजूला काढून माँट्रियल येथील आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेकडे सोपवण्यात आला. त्या संघटनेने २०१६ साली एक योजना मान्य केली, तीही मुख्यतः वाढीव उत्सर्जनाची भरपाई करण्याची. शिवाय १९४४ चा शिकागो येथील विमानवाहतूक करार आणि त्यानंतर देशादेशांत झालेले करार यांमुळे आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या इंधनावर सहसा कर बसत नाही. आपल्या स्कूटरमधील पेट्रोलावर कर आहे. करारावर सही करावयास निघालेल्या शिष्टमंडळाच्या विमानातील इंधन मात्र करमुक्त आहे, आणि त्याचा धूर बेवारस.

इतके सांगितल्यावर आपण म्हणाल, मग वाद कसला? दौरे बंद करावेत, संपले. बरेच लोक असे म्हणतात. २००९ च्या डिसेंबरमध्ये कोपनहेगन येथे परिषद भरली, तेव्हा आयोजकांच्या वतीने अंदाज करण्यात आला होता की तिचे उत्सर्जन सुमारे ४६,२०० टन असेल, आणि त्यातील बहुतांश विमानप्रवासाचे. २०२१ साली ग्लासगोच्या परिषदेचा प्राथमिक अंदाज १,०२,५०० टनांचा होता. त्यात आंतरराष्ट्रीय उड्डाणांचा वाटा सुमारे ६० टक्के. दोन्ही वेळी जगभरच्या वृत्तपत्रांनी हे आकडे ठळक छापले आणि ढोंगीपणाचा आरोप केला.

मी एक साधा भागाकार केला. जगाचे वर्षाचे कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन सुमारे ३,७०० कोटी टन आहे. ग्लासगोच्या संपूर्ण परिषदेचा धूर म्हणजे या जगाचा सुमारे दीड मिनिटाचा धूर. मी येथे उभा राहून बोलू लागल्यापासून अशा कितीतरी परिषदा जळून गेल्या. तेव्हा ढोंगीपणाचा आरोप करणाऱ्याला विचारावे लागेल: जर त्या दोन आठवड्यांत जगाची चाल एक सहस्रांशानेही बदलली असेल, तर हा सौदा महाग कसा? अर्थात याच भागाकाराचा आधार घेऊन कोणताही दौरा माफ करता येतो, हेही खरे. जगाच्या धुराशी तुलना केली की माझी मोटार, तुमचा कारखाना, सारेच नगण्य ठरते. म्हणून हा भागाकार मी वकिलासारखा वापरणार नाही. त्यातून एवढेच दिसते की, दौऱ्याचा न्याय त्याच्या टनांवरून करता येणार नाही. तो कामावरून करावा लागेल.

आणि काम काय होते, हे अनुवादकाला कदाचित इतरांहून लवकर समजते. कारण तेथील सगळे काम शब्दांचे असते.

पॅरिस येथे १२ डिसेंबर २०१५ रोजी करार मान्य व्हावयाचा होता. आपल्या देशाच्या वतीने त्या वेळी पर्यावरणमंत्री होते पुण्याचे प्रकाश जावडेकर. शेवटच्या मसुद्यात विकसित देशांच्या जबाबदारीसंबंधीच्या कलमात एक बंधनकारक क्रियापद पडले होते, ‘करतील’ अशा अर्थाचे. अमेरिकेला ते चालणारे नव्हते. कारण तसे झाले तर करार त्यांच्या सिनेटपुढे न्यावा लागला असता. शेवटच्या काही तासांत त्या जागी ‘करावे’ अशा अर्थाचे क्रियापद आले, आणि ती छपाईची दुरुस्ती म्हणून वाचून दाखवण्यात आली. सारे जग ज्यासाठी जमले होते, तो करार एका क्रियापदाच्या रूपावर अडला होता आणि त्यावरच सुटला.

ग्लासगोचा शेवट आपल्याला अधिक जवळचा आहे. १३ नोव्हेंबर २०२१ रोजी, परिषद लांबलेली असताना, आपले पर्यावरणमंत्री भूपेंद्र यादव यांनी कोळशासंबंधीच्या वाक्यात बदल सुचवला. कोळशाचा वापर ‘टप्प्याटप्प्याने बंद करणे’ याऐवजी ‘टप्प्याटप्प्याने कमी करणे’. बदल स्वीकारला गेला. परिषदेचे अध्यक्ष आलोक शर्मा यांचा कंठ व्यासपीठावरच दाटून आला. आपला बदल योग्य होता की अयोग्य, याविषयी आपल्यात मतभेद होतील. कोळशावर उभ्या असलेल्या देशाने आपली बाजू मांडली असे कोणी म्हणेल, आणि समुद्र चढू लागलेल्या बेटांवरील माणूस वेगळे म्हणेल. पण हा बदल पत्राने झाला नसता. त्या दालनात, त्या घटकेला, बोलण्याचा अधिकार असलेली व्यक्ती हजर होती म्हणून तो झाला.

याच आलोक शर्मांवर त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश वृत्तपत्रांनी टीकेची झोड उठवली होती. आग्र्यात जन्मलेले हे गृहस्थ परिषदेच्या पूर्वतयारीसाठी सात महिन्यांत तीस देशांत जाऊन आले. साथीचा काळ असूनही त्यांना परतल्यावर हॉटेलात विलग राहावे लागले नाही. खर्च अर्थातच ब्रिटिश करदात्याचा. त्यांचे म्हणणे असे की, समोरासमोर बसल्याशिवाय विश्वास निर्माण होत नाही. मला हे म्हणणे पटते. दोनशेच्या आसपास देशांची एकमताने संमती मिळवणे हे ज्याचे काम, त्याने घरी बसून ते करावे ही अपेक्षा अवाजवी आहे. २०२१ च्या जूनमध्ये पूर्वतयारीची बैठक दूरसंवादाने घेऊन पाहिली होती. तीन आठवडे ती चालली. कोणाच्या देशात मध्यरात्र, कोणाची वीज गेलेली, कोणाचा आवाज तुटणारा. औपचारिक निर्णय तेथे झालेच नाहीत. आणि लक्षात घ्या की वीज जाते ती गरीब देशाच्या प्रतिनिधीची. दूरसंवादाने जगाचा धूर वाचला असेल, पण त्याची किंमत ज्यांनी धूर केलाच नाही त्यांनी अधिक दिली.

पण त्याच ग्लासगोतून तेव्हाचे ब्रिटिश पंतप्रधान बोरिस जॉन्सन लंडनला परतले ते भाड्याने घेतलेल्या विमानाने. ग्लासगो ते लंडन रेल्वेने पाच तासांहून कमी लागतात. वेळेची निकड होती, असे सांगण्यात आले. येथे मला कोणतेही समर्थन सुचत नाही. शर्मांचे तीस देश आणि जॉन्सन यांचा तो एक प्रवास, यांत लांबीच्या दृष्टीने काही तुलनाच नाही. पण मी करदाता असतो तर तीस देशांचे बिल मंजूर केले असते आणि या एकाच बिलावर शेरा मारला असता. वृत्तपत्रांनी दोघांनाही एकाच शब्दाने झोडपले, तेथेच वादाची गफलत झाली. एकदा सगळेच ढोंगी ठरले की ढोंग्याची मोठी सोय होते.

हजर असणे म्हणजे काय, याचे एक उदाहरण आपल्याच गावाने पाहिलेले आहे. मार्च १९३९ मध्ये येथून जवळच त्रिपुरीला काँग्रेसचे अधिवेशन भरले. अध्यक्ष सुभाषबाबू तापाने फणफणलेले; बावन्नावे अधिवेशन म्हणून बावन्न हत्तींच्या मिरवणुकीत त्यांच्याऐवजी त्यांची तसबीर निघाली. गांधीजी आलेच नव्हते, ते राजकोटला होते. तरी अधिवेशनात निर्णायक ठरला तो पंतांचा ठराव, आणि त्याचा अर्थ होता की कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेप्रमाणे व्हावी. गैरहजर माणसाने अधिवेशन जिंकले, असे म्हणता येईल. पण पुढे काय झाले? कित्येक आठवडे दोघांमध्ये पत्रे आणि तारा जात-येत राहिल्या, गैरसमज मिटले नाहीत, आणि २९ एप्रिलला सुभाषबाबूंनी कलकत्त्यास राजीनामा दिला. भेट झाली असती तर मिटले असते, असे मी म्हणत नाही. एप्रिलअखेर ते भेटलेही होते. मला एवढेच दिसते की, ज्याच्या नावाला वजन आहे त्याला गैरहजर राहणे परवडते. ज्याच्या नावाला वजन नाही त्याला प्रत्यक्ष जावेच लागते.

हवामानाच्या परिषदांना हे तंतोतंत लागू पडते. मार्शल बेटे हा प्रशांत महासागरातील देश. लोकसंख्या आपल्या शहराच्या एखाद्या मोठ्या भागाइतकीही नसेल. २०१५ साली त्या देशाचे परराष्ट्रमंत्री टोनी डी ब्रम पॅरिसला गेले, आणि श्रीमंत-गरीब देशांची एक आघाडी त्यांनी तेथे उभी केली. तापमानवाढ दीड अंशावर रोखण्याचा प्रयत्न करावा, हे शब्द पॅरिस करारात आहेत, त्यामागे अशा लहान देशांचा मोठा हट्ट आहे. त्यांच्या तिकिटाचा धूर मोजणाऱ्याने त्यांच्या बेटांची समुद्रापासूनची उंचीही मोजावी.

मग आक्षेप कोठे घ्यावा? माझ्या मते दोन ठिकाणी, आणि पहिले ठिकाण गर्दी हे होय. १९९५ साली बर्लिनला पहिली परिषद झाली तेव्हा काही हजार माणसे आली होती. २०२३ साली दुबईला ऐंशी हजारांहून अधिक आली. वाटाघाटींच्या दालनात बसणारी माणसे मात्र ऐंशी हजार नसतात. बाकीचे दालने मांडतात, भाषणे करतात, छायाचित्रे काढून घेतात, आणि काही जण, तेलकंपन्यांशी संबंधित मंडळी, दालनाबाहेर निराळ्याच कामासाठी उभे असतात. दुबईत अशांची संख्या स्वयंसेवी संस्थांच्या मोजणीप्रमाणे सुमारे अडीच हजार होती. ते आपल्या मालकांच्या पैशाने येतात, म्हणून आजच्या विषयात बसत नाहीत. पण सरकारी पैशाने येणाऱ्यांतही वाटाघाटी करणारा कोण आणि सोबतीला आलेला कोण, हे विचारणे करदात्याचा हक्क आहे.

राज्यांचा प्रश्न येथेच उद्भवतो. राज्य सरकार हे करारातील पक्षकार नव्हे. पक्षकार देश आहे. २०२१ साली महाराष्ट्राचे तत्कालीन पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे ग्लासगोला गेले. राज्यांच्या आणि प्रांतांच्या एका आंतरराष्ट्रीय आघाडीने महाराष्ट्राला तेथे पुरस्कार दिला. पुढच्या मार्चमध्ये मुंबईचा हवामान कृती आराखडा प्रसिद्ध झाला आणि त्यात २०५० चे उद्दिष्ट ठेवले गेले. आता कोणी विचारील, पुरस्कार टपालाने आला नसता काय? आला असता. दुसरा म्हणेल, इतर शहरांचे अनुभव ऐकून आराखड्याला धार आली. तेही शक्य आहे. मला दोन्ही बाजूंपैकी एकीची शपथ घेता येत नाही, कारण दौऱ्यावरून परतल्यावर काय शिकलो आणि त्यातून काय बदलले, असे सांगणारे चार पानांचे टिपण सामान्य वाचकाच्या हाती सहसा पडत नाही. हाच माझा दुसरा आक्षेप. तिकिटाचे बिल जपून ठेवले जाते. प्रवासाचे फळ कोठे नोंदले जात नाही. आपले कारकून बोर्डिंग पास जोडला नाही म्हणून प्रवासभत्ता अडवतील, पण अहवाल जोडला नाही म्हणून भत्ता अडल्याचे मी ऐकलेले नाही.

काटकसरीच्या नावाखाली आपल्याकडे जे होते तेही थोडे पाहिले पाहिजे. गांधीजींच्या तिसऱ्या वर्गापासून आपल्या सार्वजनिक जीवनात कोण कोणत्या डब्यात बसतो, हा नीतीचा प्रश्न झालेला आहे. २००९ च्या सप्टेंबरात दुष्काळ आणि मंदी होती. अर्थमंत्री प्रणव मुखर्जींनी काटकसरीचे आवाहन केले, सोनिया गांधी साध्या श्रेणीतून मुंबईस आल्या, राहुल गांधी रेल्वेने लुधियानास गेले, आणि परराष्ट्र राज्यमंत्री शशी थरूर यांनी साध्या श्रेणीला गुरांची उपमा देणारा विनोद केल्यामुळे देशभर गहजब झाला. कित्येक दिवस तोच विषय होता. तीनच महिन्यांनी कोपनहेगनची परिषद होती. आपण तेथे काय मागणार, काय देणार, याविषयी त्या आठवड्यांत जितकी चर्चा व्हायला हवी होती तिच्या शतांशही झाली नाही. कोपनहेगनला १८ डिसेंबरच्या संध्याकाळी मनमोहन सिंग, चीनचे वेन जियाबाओ, ब्राझीलचे लुला आणि दक्षिण आफ्रिकेचे झुमा बसले होते त्या खोलीत अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा येऊन दाखल झाले, आणि तेथेच जो काही समझोता व्हायचा तो झाला. त्या खोलीत कोण कोणत्या श्रेणीतून आला होता, हे आज कोणाला आठवत नाही.

तरी नियमांत काही सुधारणा झाल्या हे सांगितले पाहिजे. २०२२ च्या जूनपासून केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना ठरावीक तीनच संस्थांमार्फत, आपल्या श्रेणीतील सर्वांत स्वस्त भाड्याचे तिकीट आणि शक्यतो एकवीस दिवस आधी काढावे लागते. पैसा वाचतो, हे चांगलेच. धूर मात्र भाड्याप्रमाणे कमी-जास्त होत नाही. स्वस्त तिकीटवालाही तितकेच इंधन जाळतो. देशातल्या देशात तर अधिक करता येईल. मुंबई आणि कलकत्ता यांना जोडणारा लोहमार्ग मार्च १८७० मध्ये पुरा झाला तो आपल्या जबलपुरात. दोन कंपन्यांचे रूळ येथे येऊन मिळाले. आज पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय येथेच आहे आणि तिचे मार्ग विजेवर चालतात. भोपाळहून किंवा नागपुराहून हवामानावर भाषण करावयास येणाऱ्याने डुमना विमानतळावर उतरण्याचे कारण मला तरी दिसत नाही. मी गाडीने आलो. पण त्यात त्यागाचा भाग नाही, मला तेवढाच प्रवासखर्च मंजूर होता. आणि हेही कबूल केले पाहिजे की मी ज्या पुस्तकाचा अनुवाद केला ते सार्वजनिक पैशाने छापलेले आहे, म्हणूनच ते आपल्याला या किमतीत मिळते. माझे मानधनही त्याच थैलीतून आले. त्यामुळे अधिकाऱ्यांकडे बोट दाखवताना माझ्याही पुस्तकाने कोणाचे काय भले केले, हा प्रश्न मला टाळता येत नाही.

करदाता म्हटले की आपल्यापुढे प्राप्तिकर भरणारा येतो. पण साबणाची वडी घेणारी बाईही कर भरते, बिडीचे बंडल घेणारा हमालही भरतो. पाटण, शहापुरा, सिहोरा या बाजूला मटार पिकवणारा शेतकरी डिझेल घेतो तेव्हा भरतो. मटाराला थंडी लागते. फुलोऱ्याच्या वेळी ऊन चढले की शेंगा भरत नाहीत. त्याच्या शेताचे काय व्हायचे याविषयीची वाक्ये कोठल्या तरी दूरच्या शहरात पहाटे तीन वाजता कंसात घातली जातात आणि कंसातून काढली जातात. त्याने कोणी जाऊच नये असे म्हणावे, यात त्याचे हित नाही. त्याच्या वतीने जो गेला त्याने त्या पहाटे काय मागितले आणि काय सोडले, हे त्याला कळावे, यात त्याचे हित आहे.

आणि ते विचारण्याची सोय आहे. महाराष्ट्राने २००२ साली आणि देशाने २००५ साली माहितीच्या अधिकाराचा कायदा केला. सप्टेंबर २०१२ मध्ये केंद्र सरकारने एक परिपत्रक काढून सांगितले की, मंत्र्यांचे आणि सहसचिव व त्यावरील अधिकाऱ्यांचे देशी-विदेशी दौरे, त्यांचे स्वरूप, ठिकाणे, मुदत, सोबत गेलेल्यांची संख्या आणि एकूण खर्च खात्यांनी आपण होऊन प्रसिद्ध करावेत, आणि दर तीन महिन्यांनी ती माहिती अद्ययावत करावी. जे खाते करीत नसेल त्याला अर्ज करता येतो. फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. अर्जात ‘किती खर्च झाला’ एवढेच विचारून थांबू नये. श्रेणी कोणती होती, वाटाघाटींच्या कोणत्या विषयावर त्या व्यक्तीची नेमणूक होती, आणि परतल्यावर अहवाल दिला असल्यास त्याची प्रत, हेही मागावे. अहवाल नसेल तर ‘उपलब्ध नाही’ असे लेखी उत्तर येईल, आणि तेही जपून ठेवण्यासारखे आहे.

मागच्या बैठकीत प्रश्न विचारणारे आपले मित्र आज समोर बसले आहेत. त्यांनी मघाशी मला सांगितले की ते असा अर्ज करणार आहेत, आणि तो मराठीत चालेल काय, असे विचारले. जबलपुरातून अर्ज करावयाचा तर कायद्याप्रमाणे तो हिंदीत किंवा इंग्रजीत असावा लागतो. त्यांनी मजकूर मराठीत लिहून द्यावा; हिंदी अनुवाद मी गाडीच्या वेळेपूर्वी करून देतो.